स्टॅम्पच्या कार्डांसाठी शाईची बॅकग्राउंडं: नवख्यांसाठी, बेळगावच्या हवेसकट

स्टॅम्पिंगची कार्डं करायला लागलं की सुरवातीला पांढऱ्या कागदावर नुसती फुलं, पणत्या, 'शुभेच्छा' असे ठसे उठवण्यातच मजा येते. मग कधीतरी वाटायला लागतं की मागं थोडा रंग पाहिजे, आणि तिथंच बऱ्याच जणांचा गाडा अडतो. व्हिडिओत बघितलेलं आकाश आपल्या कागदावर येतं ते चिखल होऊन, कागद पापडासारखा वळतो, वर मारलेला स्टॅम्प फुटतो. मग माणूस म्हणतो आपल्याला जमत नाही, कला आपल्यात नाही. तसं काही नसतं हो. बहुतेक वेळा शाई आणि कागद यांची जोडीच चुकलेली असते, नाहीतर वाळायच्या आत घाई झालेली असते, बाकी काही नाही.

कुठलंही टेक्निक करायच्या आधी दोनच प्रश्न विचारायचे: ही शाई पाणी लागलं की उठते का, आणि हा कागद पाणी किती पटकन पितो. या दोन्हीची उत्तरं माहीत असली तर खाली दिलेलं सगळं आपोआप समजतं, आणि माहीत नसली तर कितीही महागडं सामान आणा, अंदाजपंचे कारभार. आपल्याकडं तिसरी एक गोष्ट मध्ये येते ती हवा. बेळगाव जिल्ह्याच्या पावसाळी टोकाला, खानापूरला, जुलैत बसून केलेलं बॅकग्राउंड आणि कोरड्या टोकाला, अथणीला, एप्रिलमध्ये केलेलं बॅकग्राउंड, सामान तेच असलं तरी वेगळं होणार. त्यावर पुढं बोलूच.

१. आधी शाई ओळखा

दुकानात किंवा ऑनलाइन 'इंक पॅड' म्हणून सगळं एकाच रांगेत दिसतं, पण आतला माल वेगवेगळा असतो.

डाय इंक म्हणजे कागदात मुरणारी, पारदर्शक, पटकन वाळणारी. उन्हात ठेवली की फिकी पडते. पिगमेंट इंक कागदाच्या वर बसते, दाट दिसते, वाळायला वेळ घेते आणि ग्लॉसी कागदावर तर वाळायचं नावच घेत नाही. एम्बॉसिंग पावडर (ओल्या ठशावर टाकून उष्णतेनं वितळवायची, म्हणजे ठसा उंच उठतो) चिकटवायला मात्र तीच चांगली.

बॅकग्राउंडवाल्यांची लाडकी म्हणजे रेंजर कंपनीची डिस्ट्रेस इंक. ही डायच आहे, पण जरा जास्त वेळ ओली राहते आणि पाणी लागलं की पसरते, त्यामुळं खेळायला वेळ मिळतो. तिचीच बहीण डिस्ट्रेस ऑक्साइड, तिच्यात डाय आणि पिगमेंट दोन्ही आहे. पाणी मारलं की ती खडूसारखी दुधाळ होते. हा दुधाळपणा काहींना आवडतो काहींना नाही, मला आवडतो, कारण वर काळा स्टॅम्प मारला की छान उठून दिसतो.

आर्काइव्हल किंवा वॉटरप्रूफ लिहिलेली काळी शाई एक तरी पाहिजेच. ही वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही, म्हणून चित्राच्या रेघा हिच्यात. स्टॅझऑनसारखी सॉल्व्हेंट इंक प्लास्टिक, काच, ग्लॉसी यांच्यासाठी. आणि व्हर्सामार्क हे बिनरंगी चिकट पॅड एम्बॉसिंगसाठी.

एवढं सगळं एकदम घेऊ नका बरं का. ऑनलाइन मागवलं तर एका पॅडची किंमत बघून घरातले विचारतात हे काय सोनं आहे काय. सुरवातीला एक वॉटरप्रूफ काळी, दोन-तीन डिस्ट्रेस, बस्स. आणि सरावाला फाउंटन पेनाची बाटलीतली शाई वापरा की! कॅमल, ब्रिल कुठलीही चालते, शाळेजवळच्या स्टेशनरीत मिळते, पाण्यात मस्त पसरते. फक्त ती वाळल्यावरसुद्धा पाणी लागलं की परत उठते आणि वर्षभरात उडते हे लक्षात ठेवून वापरायची. ऑफिसातली जांभळी स्टॅम्पपॅडची शाई मात्र बॅकग्राउंडला नको, ती लवकर वाळत नाही, बोटाला लागत राहते.

अजून एक, रांगोळीचे रंग आणि गुलाल पाण्यात घालून बघायचा मोह सगळ्यांना होतो. रांगोळी म्हणजे रंगवलेली दगडाची पूड, ती विरघळत नाही, कागदावर नुसता भुगा राहतो आणि स्टॅम्पमध्ये जाऊन बसतो. खायच्या रंगाची पावडर विरघळते, ती चिमूटभर ओल्या कागदावर भुरभुरली तर सुंदर फुटते, पण तीही उन्हात टिकत नाही.

२. कागद, इथं पैसे वाचवू नका

शाईत काटकसर केली तर चालते, कागदात नाही. पाणी वापरायचं असेल तर ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) वॉटरकलर पेपर घ्या. १२० जीएसएमचा ड्रॉइंग पेपर पाणी लागलं की लाटा घेतो, चोळला की त्याचे लाडू निघतात. चार्ट पेपर तर विसराच.

वॉटरकलर पेपरातही कोल्ड प्रेस म्हणजे खरबरीत आणि हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत. शाईचं बॅकग्राउंड दोन्हीवर होतं, पण वर बारीक रेघांचा स्टॅम्प मारायचा असेल तर खरबरीत कागदावर तो तुटक उठतो. हॉट प्रेस नाही मिळाला तर कोल्ड प्रेसची पाठीमागची बाजू बघा, पुष्कळदा ती जरा सपाट असते. कॉटनचा कागद पाणी धरून ठेवतो, रंग मऊ मिसळतात. साधा सेल्युलोजचा कागद पटकन पितो आणि कडांवर रेघ सोडतो. कॉटन महाग आहे, रोजच्या सरावाला नको.

कोरडं ब्लेंडिंग (पाण्याशिवाय, ब्रशनं शाई फिरवत रंग चढवणं) करायचं असेल तर उलट, गुळगुळीत जाड कार्डशीट पाहिजे, २५० जीएसएमच्या पुढचं. दुकानात 'आयव्हरी शीट' म्हणून मागितलं की देतात. घेताना बोटानं चोळून बघा, एकदम चकचकीत कोटिंग असेल तर डाय इंक त्यावर सरकत राहते.

बेळगावात गणपत गल्ली, खडेबाजारच्या बाजूला स्टेशनरीची दुकानं फिरलात तर वॉटरकलर शीट, आयव्हरी, रोलर, ब्रश एवढं मिळून जातं. डिस्ट्रेस वगैरे पॅड मात्र ऑनलाइनच मागवावी लागतात. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं, तिकडं गेलात की कागद बघून आणा.

मापाचं म्हणाल तर ए-फोर शीट मध्ये कापून एक भाग घडी घातला की ए-सिक्स कार्ड होतं, म्हणजे साडेदहा बाय पावणेपंधरा सेंटीमीटरच्या आसपास. बॅकग्राउंड वेगळ्या तुकड्यावर करायचं आणि मग कार्डावर चिकटवायचं. थेट कार्डाच्या घडीवर पाणी मारत बसू नका, घडी फुगते आणि कार्ड उभं राहत नाही. तुकडा थोडा मोठाच घ्या, शेवटी कडा कापून साडेनऊ बाय पावणेचौदा केलं की चारी बाजूला पांढरी चौकट सुटते.

३. सामान

- वर सांगितलेल्या शाया आणि कागद
- पाणी मारायला स्प्रे बाटली, बारीक फवारा येणारी (सलूनवाली पण चालते)
- दुधाची रिकामी पिशवी, कापून धुवून पुसून. नंदिनीची असू दे नाहीतर कुठलीही. हिच्यावर शाईचे थेंब जमून राहतात, पसरत नाहीत, विकतच्या शीटपेक्षा मला हीच बरी वाटते
- जुनी एक्स-रे फिल्म, स्टेन्सिल कापायला
- ब्लेंडिंग ब्रश किंवा स्वस्तातला मेकअपचा गोल दाट ब्रश. नाहीच तर भांडी घासायच्या नव्या स्पंजचा पिवळा मऊ भाग
- मास्किंग टेप, जुनी टाइल किंवा काच, टिश्यू, जुन्या सुती साडीचे तुकडे
- खडे मीठ, मेणबत्ती
- हीट गन, एम्बॉसिंग करणार असाल तरच. हेअर ड्रायर यासाठी चालत नाही, तो पावडर उडवतो आणि वितळवत नाही. बॅकग्राउंड वाळवायला मात्र चालतो

खाली वर्तमानपत्र घालताना त्यावर एक प्लास्टिक घाला, पेपरची छपाई ओल्या कागदाच्या पाठीला लागते. आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर करणार असाल तर घरातल्यांना विचारून, फरशीच्या जोडातली शाई जात नाही.

४. पहिल्या दिवशी फक्त पट्ट्या

कुणी ऐकत नाही पण सांगतो. जो कागद वापरणार त्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा. प्रत्येक शाईचा एक पट्टा लावा, तो वाळू द्या, मग अर्ध्या भागावर पाण्याचा थेंब सोडा, थोडं थांबून टिश्यूनं टिपा. थेंबाच्या जागी पांढरा डाग पडला म्हणजे शाई पाण्यात उठते. काहीच झालं नाही म्हणजे पक्की. दुधाळ झाली म्हणजे ऑक्साइडची जात. मागं शाईचं नाव, कागदाचं नाव आणि महिना लिहून ठेवा. महिना का, तर पावसाळ्यातली पट्टी आणि उन्हाळ्यातली पट्टी शेजारी ठेवून बघा म्हणजे कळेल.

याच पट्ट्यांवर दोन-दोन रंग एकमेकांत मिसळूनही बघा. पिवळा-गुलाबी, निळा-हिरवा, गुलाबी-जांभळा हे शेजारी चांगले नांदतात. पिवळा-जांभळा, लाल-हिरवा, निळा-नारिंगी ओले असताना भेटले की मातकट होतात. चिखल होतो तो इथं होतो, बाकी कुठं नाही.

५. कोरडं ब्लेंडिंग

सगळ्यात सुरक्षित, इथनं सुरवात करा. कागद टाइलवर मास्किंग टेपनं चारी बाजूंनी चिकटवा. टेप आधी कपड्यावर एक-दोनदा चिकटवून काढा, म्हणजे तिचा चिकटपणा कमी होतो आणि सोडवताना कागद सोलत नाही.

ब्रश पॅडवर टेकवा, मग कागदाच्या बाहेर, टाइलवर गोल गोल फिरवायला लागा आणि फिरवत फिरवतच कागदावर या. थेट कागदाच्या मध्यावर ब्रश टेकवला की तिथं गोल डाग बसतो आणि तो जात नाही. हात हलका. रंग गडद पाहिजे असेल तर परत शाई घ्या, जोर लावू नका. फिका रंग आधी, गडद नंतर, आणि दोन्हीच्या सीमेवर परत फिका रंग घेऊन फिरवा म्हणजे जोड दिसत नाही.

डागडाग दिसायला लागलं तर दोष शाईचा नसतो, हाताचा असतो. बोटांना खोबरेल तेल, क्रीम, चिवड्याचं तेल असलं की कागदावर त्याचे ठसे आधीच पडलेले असतात आणि शाई त्या जागी वेगळी बसते. साबणानं हात धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून बसा.

यावरच एक्स-रे फिल्मचं स्टेन्सिल ठेवून दुसरा गडद रंग ब्लेंड केला की नक्षी येते. फिल्मवर कटरनं रांगोळीचे ठिपके, पानं, कमान काहीही कापा. आणि उलटंही करता येतं, स्टेन्सिलमधून ओल्या टिश्यूनं हलकं टिपलं की रंग उचलला जातो, नक्षी फिकी होते. हे डिस्ट्रेसवर होतं, वॉटरप्रूफवर होत नाही.

ब्लेंडिंग झाल्यावर हात पाण्यात बुडवून कागदावर थेंब झटका, थोडं थांबून टिपा. लहान लहान फिके ठिपके येतात, दिवाळीच्या कार्डाला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

६. पिशवीवरची शाई, म्हणजे स्मूशिंग

हे माझं आवडतं, त्यामुळं जरा लांबण लागेल.

दुधाच्या पिशवीचा सपाट तुकडा टाइलवर टेपनं लावा. त्यावर पॅड उलटं करून दाबा, दोन रंग शेजारी शेजारी, मध्ये थोडी जागा सोडून. वरनं स्प्रेचे दोन-तीन फवारे. शाई थेंबाथेंबानं गोळा होते, रंगीत मणी पडल्यासारखी दिसते. आता वॉटरकलर पेपर पालथा त्यावर ठेवा, हलकं दाबा आणि सरळ वर उचला. ओढू नका, घासू नका. ओढलं की रंग एकमेकांत जातात आणि आपण वर बोललो तो चिखल तयार.

पहिल्यांदा उचलल्यावर निम्मा कागद पांढराच असतो. असू दे. तो पूर्ण वाळवा, ड्रायरनं नाहीतर पंख्याखाली, आणि मग पिशवीवर उरलेल्या थेंबांत जिथं पांढरं आहे तिथंच परत टेकवा. परत वाळवा. असे दोन-तीन थर. प्रत्येक थर वाळलेल्या थरावर बसला तर कडा स्वच्छ राहतात, खोली दिसते. ओल्यावर ओलं घातलं तर सगळा एकच रंग होतो. ऑक्साइडमध्ये तर हा फरक फारच दिसतो, कारण वाळलेल्या थरावर नवा थर दाट बसतो, अगदी उलटे रंगसुद्धा न बिघडता एकावर एक देता येतात.

पाणी किती, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. पिशवी तिरकी केल्यावर थेंब घरंगळले पाहिजेत पण ओघळून वाहायला नकोत, एवढं. वाहायला लागले तर टिश्यूच्या टोकानं एक कडा टिपा. कमी पडलं तर कागदावर पॅडचा चौकोनी शिक्काच उमटतो, तेव्हा अजून एक फवारा मारा.

सगळा कागद रंगवायच्या मागं लागू नका. एक कोपरा पांढरा सोडलात तर तिथं शुभेच्छांचा स्टॅम्प बसतो आणि वाचता येतो. नवखे इथंच फसतात, बॅकग्राउंड इतकं भरतात की स्टॅम्पला जागाच राहत नाही, आणि कार्ड तर स्टॅम्पचं असतं.

शेवटी पिशवीवर जे उरतं ते फेकू नका, त्यात एखादा साधा तुकडा बुडवा. या फिक्या तुकड्यांवरच पुढं सगळ्यात चांगले स्टॅम्प उठतात, कारण मागचा रंग भांडत नाही. फाउंटन पेनाच्या शाईनं करायचं असेल तर ड्रॉपरनं दोन-चार थेंब पिशवीवर टाका, पाणी मारा, बाकी तसंच.

७. मीठ

ओल्या रंगावर खडे मीठ टाकलं की खडा भोवतालचं पाणी ओढून घेतो, रंग त्याच्याकडं सरकतो आणि फुलांसारखे पांढरट ठसे राहतात. सगळी मेख वेळेत आहे. कागदावर पाण्याचं तळं असेल तर मीठ विरघळून जातं. रंग मॅट दिसायला लागला असेल तर उशीर झाला. तिरकं बघितल्यावर कागद चमकतोय पण पाणी हलत नाही, त्या क्षणाला टाकायचं, तेही चिमटीनं सुटं सुटं. बारीक मिठाचे बारीक ठिपके, खडे मिठाचे मोठे. ड्रायर लावू नका, आपोआप वाळू द्या, मग कोरड्या ब्रशनं झटका.

आता आपल्याकडची गोम. मीठ हवेतला ओलावा ओढतं हे बरणीतलं मीठ बघून सगळ्यांना माहीत आहे, तेच कागदात होतं. जून ते सप्टेंबरमध्ये बेळगाव-खानापूर पट्ट्यात मिठाचं बॅकग्राउंड वाळल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी परत ओलसर लागतं. त्यावर एम्बॉसिंग पावडर टाकली की सगळीकडं चिकटते. म्हणून मिठाची बॅकग्राउंडं जानेवारी ते मेमध्ये करून ठेवा, पावसाळ्यात दुसरं काहीतरी करा.

८. रेझिस्ट, म्हणजे शाईला अडवणं

दोन प्रकार. स्वस्तातला म्हणजे पांढऱ्या मेणबत्तीनं कागदावर रेघा ओढा आणि वरनं पाणीदार शाई फिरवा, मेणाच्या जागी पांढरं राहतं. रेघा ओढताना काही दिसत नाही, कागद उजेडाकडं तिरका धरायचा. मेणावर नंतर कुठलाच स्टॅम्प नीट बसत नाही, म्हणून स्टॅम्पची जागा सोडून रेघा मारा.

दुसरा, व्हर्सामार्कनं स्टॅम्प मारायचा, क्लिअर नाहीतर पांढरी एम्बॉसिंग पावडर टाकायची, जादाची झटकून परत डबीत, मग हीट गननं वितळवायची. आता वरनं डिस्ट्रेस ब्लेंड करा, एम्बॉस केलेल्या रेघांवरची शाई टिश्यूनं पुसा, नक्षी लख्ख पांढरी उठते. व्हर्सामार्कचा स्टॅम्प मारायच्या आधी कागदावर थोडी टाल्कम पावडर कापडानं फिरवून घ्या, म्हणजे एम्बॉसिंगची पावडर भलतीकडं चिकटत नाही. पावसाळ्यात हे सोडूच नका, कागद मुळातच दमट असतो, आधी जरा हीट गन फिरवून मगच स्टॅम्प.

९. शेव्हिंग फोम

पोरांना सोबत घ्यायचं असेल तर हेच. फोमचा डबा पाहिजे, जेल नको. ताटात अर्धा इंच फोम पसरा, शाईचे थेंब टाका, काडीनं रेघा ओढा, कागद वर दाबून अर्धा मिनिट ठेवा, उचला आणि फूटपट्टीच्या कडेनं फोम खरवडून काढा. खाली मार्बलची नक्षी असते. नक्षी फार गजबजलेली असते म्हणून पूर्ण कार्डावर लावू नका, दोन बोटांची पट्टी कापून लावा. ताट जेवणाचं नको, मग वास जात नाही.

१०. अल्कोहोल इंक, सावकाश

ही सगळी वेगळी गोष्ट आहे. साध्या कागदावर चालत नाही, ग्लॉसी किंवा सिंथेटिक शीटवर चालते. पातळ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन नाव सांगून तेच घ्या, सॅनिटायझर जेल त्याजागी चालत नाही. खिडक्या उघड्या, जवळ गॅस, देवाचा दिवा, उदबत्ती काही नको, लहान पोरं आणि दम्याचं कुणी असेल तर दुसऱ्या खोलीत. ओली असताना हीट गन अजिबात लावायची नाही, पेट घेते. आणि पारदर्शक पॉलिमरचे स्टॅम्प अल्कोहोलनं किंवा सॉल्व्हेंटच्या क्लीनरनं पुसू नका, खराब होतात. नवख्यांनी पहिल्या महिन्यात हिच्या नादाला न लागलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत.

११. वाळवणं आणि सपाट करणं

इथं हवेचा मुद्दा. अथणी, रायबागकडं उन्हाळ्यात उलटी अडचण असते, फवारा मारेपर्यंत शाई वाळते. तिकडं सकाळी लवकर बसा, पंखा बंद करा, आणि कागदालाच आधी पाठनं-पुढनं हलकं ओलं करून घ्या. खानापूर, बेळगाव शहरात पावसाळ्यात कागद हाताला कोरडा लागतो पण आत ओला असतो. ओळखायची खूण सोपी: कागदाची पाठ गालाला लावा. गार लागला की ओला आहे.

कागद वळला असेल तर घाबरू नका. पूर्ण वाळू द्या, मग पाठीवर अगदी बारीक एक फवारा, दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून वर जड पुस्तकं ठेवून रात्रभर. घाई असेल तर पाठीमागनं मंद इस्त्री, मध्ये साधा कागद घालून, पण एम्बॉसिंग केलेलं असेल तर इस्त्री नाही, पावडर परत वितळते. उन्हात वाळत घालू नका, डायचे रंग उडतात. तयार झालेली बॅकग्राउंडं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, कपाटात, सिलिका जेलची पुडी टाकून. बुटाच्या खोक्यातल्या पुड्या जपून ठेवा, त्या इथं कामाला येतात.

१२. वर स्टॅम्प मारताना

बॅकग्राउंड फिकं असेल तर काळी वॉटरप्रूफ. गडद असेल तर पांढरी एम्बॉसिंग, दुसरी कुठली पांढरी शाई तेवढी उठत नाही. गजबजलेलं असेल तर त्यावर मारूच नका, पांढऱ्या कागदावर चित्र उठवून, कापून, फोम टेपनं वर चिकटवा.

खरबरीत कागदावर स्टॅम्प तुटक येत असेल तर क्रम उलटा करा: आधी कोऱ्या कागदावर वॉटरप्रूफ काळ्यानं चित्र, ते चांगलं वाळू द्या, पावसाळ्यात तर दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि मग रंग. चित्र बिघडलं तर कोरा कागदच वाया जातो, तासभर केलेलं बॅकग्राउंड नाही. स्टॅम्पखाली माऊसपॅड किंवा मासिक ठेवलं की ठसा जास्त भरून येतो. दाबल्यावर हलवायचं नाही, झुलवायचं तर अजिबात नाही.

१३. मराठी-कन्नड अक्षरांचे स्टॅम्प

विकतच्या सेटमध्ये सगळं इंग्लिश असतं. आपल्याला 'तिळगूळ घ्या', 'पाडव्याच्या शुभेच्छा' पाहिजे, आणि शेजारच्या अक्कांना द्यायला कन्नडमधलं 'हब्बद शुभाशयगळु' (सणाच्या शुभेच्छा) पण पाहिजे. हे गावातल्या रबर स्टॅम्पवाल्याकडनं करून मिळतं, जो ऑफिसचे शिक्के करतो तोच. त्याला फक्त नीट सांगावं लागतं. आपण पणतीचं चित्र पुढं केलं की तो आधी कुठल्या सोसायटीचा शिक्का म्हणून विचारतो, सवयच तशी.

सांगायचं असं: सेल्फ-इंक मशीन नको, आत शाई भरलेला नको, नुसता पॉलिमरचा किंवा रबरचा ठसा लाकडावर लावून द्या. शाई आतच असलेल्या शिक्क्याला आपण रंग बदलू शकत नाही, पैसे वाया. मजकूर जाड फॉन्टमध्ये न्या, बारीक फॉन्टमध्ये अनुस्वार, रफार आणि 'ष', 'भ' यांची पोटं शाईनं भरून जातात आणि शुभेच्छाचं भलतंच काहीतरी दिसतं. कन्नड मजकूर असेल तर वाचणाऱ्या कुणाकडनं तरी आधी तपासून घ्या. आणि दुकानातच पांढऱ्या कागदावर एक ठसा मारून बघा, काने-मात्रे मोजा, मगच पैसे द्या. घरी लिनो (ठसे कोरायचं मऊ शीट) किंवा खोडरबरवर स्वतः कोरणार असाल तर अक्षरं उलटी कोरायची. ट्रेसिंग पेपरवर लिहून पालथा घासला की आपोआप उलटं उमटतं.

हे नवे ठसे पहिल्यांदा वापरायच्या आधी खोडरबरनं हलकं घासून घ्या, वरचा तेलकट थर गेला की शाई सगळीकडं सारखी लागते. वापरून झाल्यावर ओल्या कापडानं पुसा, वाळवा, उन्हापासून लांब ठेवा.